गळती थांबवल्याची हकीकत

पेर्लगुंडी,
रविवार, ९ नोव्हेंबर

ती. देवकी अक्काच्या पायांशी,

तुझा धाकटा भाऊ तिरुमलेश्वर दोन्ही गुडघे टेकून नमस्कार करतो. (उजवा गुडघा एकदा टेकला की आपण होऊन वर येत नाही, तेव्हा हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावास.) तुझी साखर आता कितीवर आहे? आमचे मेहुणे बावा, त्यांचा खोकला गेला का, की अजून पहाटे सगळ्या आळीला उठवतात? आमच्याकडे सगळं ठीक. गाय व्यायली, पाडी झाली. पाऊस यंदा नवरात्र संपलं तरी जात नव्हता, पण आता गेला. तुझ्या भावजयीची, परमेश्वरीची, तब्येत उत्तम आहे, हे तिच्या आवाजावरून चारी बाजूंच्या घरांनाही ठाऊक आहे.

एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं विचारशील. केला असता. पण फोनवर तू दर वाक्यानंतर ‘बरं, पुढे?’ म्हणतेस, आणि या हकिकतीत पुढे जाणं मला जड जातं. शिवाय फोन ओट्यावर आहे आणि ओट्यावर परमेश्वरी सुपारी सोलत बसलेली असते. म्हणून माळ्यावर येऊन लिहितो आहे. गावात काय झालं ते तुझ्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी आलंच असेल, मूडबिद्रीला आपली माणसं काही कमी नाहीत. पण ती सांगतात त्यात मी एक तर फार मोठा मूर्ख असतो किंवा फार मोठा खलनायक. खरं काय ते तूच ठरव, पण सगळं ऐकून ठरव.

सुरुवात झाली ती गेल्या वर्षी सप्टेंबरात. आपल्या पंचायतीचे अध्यक्ष जत्तप्प रै एका दुपारी छत्री मिटत ओट्यावर आले. वरून कागद आला होता. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून पृथ्वी टिकावी म्हणून सतरा उद्दिष्टं ठरवली आहेत, ती गावपातळीवर कशी आणायची याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तालुक्याला आहे, प्रत्येक पंचायतीने एक जाणकार व्यक्ती पाठवावी. सदस्य सगळे पोफळीवर औषध फवारण्यात गुंतलेले. गावात शिकलेला आणि मोकळा असा एकच माणूस, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, गावाचे मेष्ट्रे, म्हणजे मी. मी दोन वेळा ‘छे छे, मला काय कळतंय’ म्हटलं (तिसऱ्या वेळेला म्हणायची तयारी होती, पण रै तेवढं थांबले नाहीत). परमेश्वरी आतून म्हणाली, “न्या हो यांना. दोन दिवस घर टिकेल, मग पृथ्वीचं बघू.”

अक्का, प्रशिक्षण चांगलं होतं. त्याची चेष्टा मी करणार नाही, चेष्टेचा माल दुसरीकडे भरपूर आहे. भिंतीवर सतरा रंगीत चौकोनांचा तक्ता, प्रत्येकाला तागाची पिशवी, मागच्या टोकात तुळशीचं बी असलेली पेन्सिल (ती तासायची की पेरायची यावर आमच्या बाकावर एक तास चर्चा झाली) आणि प्लास्टिक कमी कसं करावं हे ऐकताना घसा कोरडा पडू नये म्हणून एकेक प्लास्टिकची बाटली. शिकवायला चैत्रा नावाची बंगळूरची मुलगी होती, आमच्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढीच असेल, पण बोलणं स्वच्छ. ती म्हणाली, “जगाची उद्दिष्टं जगात कुठेच पुरी होत नाहीत. ती कुठल्या तरी एका गावातच पुरी होतात. म्हणून परत जा आणि आपल्या गावात आधीपासून काय आहे ते बघा.” मी हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोनदा रेघ मारली. आता ती वही काढून बघतो तर ‘आधीपासून’ हा शब्दच मी गाळलेला आहे. छत्तीस वर्षं मुलांची शुद्धलेखनं तपासली मी.

घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. तक्ता देव्हाऱ्याशेजारी लावला. पहिला आठवडा घरातल्या प्रत्येक गोष्टीला मी क्रमांक दिले. जेवणं म्हणजे दुसरा, हात धुणं म्हणजे तिसरा, गोबरगॅस म्हणजे सातवा. ताकातली तंबळी वाढून घेताना मी एकदा म्हटलं, की घरच्या पाल्याची तंबळी करणं हे बाराव्यात बसतं. परमेश्वरी म्हणाली, “आणि गोठा कितव्यात बसतो? तिथं तुम्ही कधी बसलेले दिसत नाही.” त्यानंतर क्रमांक मी मनातल्या मनात देऊ लागलो.

मग पंचायतीसाठी तो मोठा फॉर्म भरायला घेतला. सतरा रकाने, प्रत्येकात गावात काय उणं आहे आणि काय करणार ते लिहायचं. (खरं तर वरच्या ओळीत ‘गावात काय चांगलं चालू आहे’ असंही विचारलं होतं. ती ओळ बारीक अक्षरात होती आणि माझा चष्मा जुना होता, असं मी बरेच दिवस लोकांना सांगितलं. चष्मा नवा होता.) चौदाव्या रकान्यात पाण्याखालचं जीवन होतं. समुद्र आपल्यापासून साठ किलोमीटर. मी अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आमच्या गावास लागू नाही.’ या ओळीकडे आपण पुन्हा येणार आहोत, अक्का, मला यायचं नसलं तरी.

सहावा रकाना पाण्याचा. आणि इथं ऐतप्पा येतो.

ऐतप्पा गौडाबद्दल तुला मी काय सांगणार, तुझ्या लग्नात मांडवाचे खांब त्यानेच पुरले होते. तरी सांगतो, कारण मला तो आज नीट आठवायचा आहे. पाऊस गेला, ओढ्याचं पाणी गुडघ्याखाली उतरलं, की एका सकाळी तो पोफळीच्या विरीची टोपी घालून पात्राच्या मधोमध उभा राहायचा. बोलायचा नाही. पायाला पाणी कसं लागतं ते बघायचा. मग कधी म्हणायचा, ‘अजून चार दिवस,’ आणि कधी म्हणायचा, ‘उद्या माणसं पाठवा.’ प्रत्येक घरातून एक माणूस. पोफळीचे ओंडके, दगड, माती, नारळाची झावळं, भाताचा पेंढा, तीन दिवसांत पाणी छातीएवढं अडायचं आणि महिन्याभरात वरच्या सगळ्या विहिरी भरून यायच्या. जूनमध्ये ओढा तो बंधारा घेऊन जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा बांधायचा. आणि दर वर्षी डाव्या अंगाला, मोठ्या काळ्या दगडाच्या खाली, तो दोन तळहातांएवढं एक भोक ठेवायचा. त्यातून पाणी सतत खाली जात राहायचं. त्या भोकाला तो ‘खालच्यांचा वाटा’ म्हणायचा. आम्ही सगळे लहानपणापासून तो शब्द ऐकत होतो, आणि माझ्यासारख्या माणसाने त्याचा अर्थ काय, हे कधी विचारलं नाही. शब्द फारच सोपे होते ना.

मी त्या भोकाची गळती मोजली. आदल्या उन्हाळ्याचा बंधारा तर वाहून गेला होता, पण हेडमास्तरकी केलेल्या माणसाला उपाय सुचतो. वरच्या अंगाला कुन्हप्पाच्या बागेपाशी ऐतप्पाने बांधलेला एक छोटा बांध तेव्हा नुकताच उभा होता, त्यालाही तसंच भोक. पंधरा लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन मी पाण्यात बसलो. नऊ सेकंदांत बादली भरली. म्हणजे दिवसाला एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर! मी तिसऱ्यांदा गुणाकार केला तरी तेवढेच आले. परमेश्वरीला सांगितलं तर ती म्हणाली, “तुमचं धोतर पिळलं तर अजून पाच निघतील.”

ग्रामसभेत मी खडूने तो आकडा फळ्यावर लिहिला. शून्यं मोठी काढली. ऐतप्पा नेहमीप्रमाणे दाराशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, “ऐतप्पा, एवढं पाणी रोज वाया जातं.”

तो म्हणाला, “वाया कुठं जातं, मेष्ट्रे? खाली जातं.”

सभा हसली. त्यात वाईट काहीच नव्हतं, अक्का, बोलणंच तसं गमतीचं होतं. पण मला वाटलं, फळ्यासमोर उभा असताना मला हसले. वर्गात असं झालं की मी काय करायचो ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, “अडाणीपणाने तू साठ वर्षं गावाचं पाणी घालवलंस. जग कुठं चाललंय आणि आपण अजून भोकं ठेवतोय.”

तेव्हा कुणी हसलं नाही. ऐतप्पाने खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. “मग यंदा तुम्ही बांधा,” म्हणाला. रागाने नाही. शेजाऱ्याला कुदळ द्यावी तसं म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही. मला वाटलं दोन दिवसांत येईल. पुढच्या सोमवारी त्याच्या दाराला कुलूप होतं. मुलीकडे गेला, मूडबिद्रीला.

आम्ही बांधला. (‘आम्ही’ म्हणजे मी काठावर छत्री घेऊन आणि बाकीचे पाण्यात.) पेंढा आणि झावळं मागासलेली म्हणून मी खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्यांत वाळू भरून घेतली आणि त्यांच्यावर तालुक्याहून आणलेला निळा प्लास्टिकचा कागद अंथरला, या काठापासून त्या काठापर्यंत. पृथ्वी वाचवायला एवढं प्लास्टिक आपल्या ओढ्यात यापूर्वी कधी आलं नव्हतं. पण थेंब गळत नव्हता! पाणी गळ्यापर्यंत चढलं. पोफळींना इतकं पाणी मिळालं की नको नको झालं. जत्तप्प रैंनी फोटो वर पाठवले. जानेवारीत जिल्ह्याहून समिती आली, नीर दोसे आणि कोंबडीचं सार खाऊन गेली (मी आणि परमेश्वरी नुसत्या केळ्यांवर), आणि ‘गळतीमुक्त बंधारा’ म्हणून पंचायतीला एक ढाल आणि मला शाल मिळाली. बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढला. त्यात मी तू दिलेला रेशमी अंगरखा घातला आहे, आणि मागे, उजव्या कोपऱ्यात, नीट बघितलं तर ओढ्याचं खालचं पात्र दिसतं. पांढरं. मी तो फोटो चौकटीत लावला, रोज बघितला, आणि ते पांढरं मला दोन महिने दिसलं नाही.

खालच्या वाडीला मी निवृत्त झाल्यापासून गेलोच नव्हतो. दोन वळणांवर तर आहे, पण आपल्याला तिकडे काय काम? फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस सेसक्का आली, तीच, आपल्या आईला बाळंतपणात न्हाऊ घालायला यायची त्या बाईची सून. अंगणात उभी राहिली, ओट्यावर चढली नाही. “मेष्ट्रे, तुम्ही पाणी वाचवलंत म्हणे,” ती म्हणाली. “कुणासाठी?”

मी तिला सहावं उद्दिष्ट समजावून सांगू लागलो. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चला जरा, दाखवायचंय.”

अक्का, डोह आठवतो का तुला? वाडीखालचा, करंजांच्या सावलीतला. भर मे महिन्यात त्यात हत्ती बुडेल एवढं पाणी असायचं. आपण मूठ मूठ चुरमुरे टाकायचो आणि ते मोठे काळे मासे तोंडं उघडून यायचे, एकमेकांच्या पाठीवरून. कुणी धरायचे नाहीत त्यांना. तू म्हणायचीस, त्यातल्या एकाने तुझं पैंजण गिळलंय आणि तो चालला की वाजतो. मी कितीतरी वर्षं कान देऊन ऐकायचो.

डोहात चिखल होता. कडेला बायकांनी वाळूत खड्डे काढून वाटीवाटीने पाणी भरायला ठेवलं होतं. बगळे होते, पुष्कळ. आणि वास. मासे एका जागी गोळा झाले होते, शेवटचं पाणी जिथं राहिलं असेल तिथं. सेसक्काने आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुम्हाला मोजायची सवय आहे. मोजा.”

मी मोजू लागलो. अक्का, खरंच मोजू लागलो, छत्रीचं टोक दाखवत. त्रेचाळिसाव्याला थांबलो. तो सगळ्यांत मोठा होता, माझ्या हाताएवढा, आणि अजून त्याच्या कल्ल्यापाशी काहीतरी हलत होतं. मी त्याला उचलून वाटीएवढ्या त्या खड्ड्यात ठेवायला गेलो. सेसक्का म्हणाली, “राहू द्या. ते आमचं प्यायचं पाणी आहे.”

घरी येऊन मी फॉर्मची प्रत काढली. चौदावा रकाना. ‘आमच्या गावास लागू नाही.’ अक्षर फार सुंदर होतं.

यापुढचा भाग विनोदी आहे असं गावातले म्हणतात, आणि तुला तो बहुतेक हावभावांसह ऐकवला गेला असेल. मी ठरवलं, चूक आपली, आपणच दुरुस्त करायची. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन बंधाऱ्यावर गेलो. जत्तप्प रै आले, दहा-बारा जण आले. रै म्हणाले, “मेष्ट्रे, ऐतप्पाला फोन लावूया का, कुठं भोक पाडायचं ते विचारायला?” मी म्हटलं, भोक पाडायला काय विचारायचंय! (हे वाक्य आता गावात कुठल्याही कामाआधी म्हणतात. परवा लग्नात आचाऱ्याने वडे टाकताना म्हटलं.) डावीकडे निळ्या कागदाची घडी जाड होती म्हणून मी उजवीकडे पहार घातली. आधी बारीक धार आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक गोणी सरकली. मग शेजारची. ऐतप्पा डावीकडेच का भोक ठेवायचा ते मला तेव्हा कळलं, तिथं खाली कातळ आहे, उजवीकडे सगळी वाळू. पाव तासात बंधारा गेला. त्याच्याबरोबर कागद गेला, आणि कागदावर मी उभा असल्यामुळे मीही गेलो. निळ्या कागदात गुंडाळलेला मी पन्नास-साठ हात वाहत जाऊन केवड्याच्या बनात अडकलो. मला सोडवायला चौघे लागले, काटे काढायला परमेश्वरीला दोन दिवस. काढताना तिने एकच प्रश्न विचारला, “हे कितव्यात बसतं?” आणि मग ती रडली. माझ्यासाठी की पोफळींसाठी, ते मी विचारलं नाही.

सगळं पाणी एकदम डोहात आलं, एकदम डोहातून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तिथं पुन्हा वाळू. म्हणजे आता वरच्यांनाही नाही आणि खालच्यांनाही नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. विहिरींनी तळ दाखवला. बावडीतून कळशीकळशीने काढून परमेश्वरीने घराजवळच्या पोफळी जगवल्या. ओढ्याकडची ओळ, आपल्या आप्पांनी लावलेली, ती वाळली. शेंड्यावरून वाळत खाली आली. कुन्हप्पाच्या तर निम्म्या गेल्या. आणि कुणी मला काही बोललं नाही, अक्का. दुकानात गेलो की बाकावर जागा करून देत. चहा सांगत. त्या चहाची चव सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात तालुक्याला पुन्हा एक दिवसाची उजळणी होती. जाणार नव्हतो, पण हजेरीला माझंच नाव होतं. तीच चैत्रा. तिने पडद्यावर फोटो दाखवले, जगाचं उद्दिष्ट गावात कसं दिसतं याचे. तिसरा फोटो कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातल्या ओढ्याचा होता. मातीचा, पेंढ्याचा बंधारा. तिने काठी टेकवली ती त्याच्या डाव्या अंगाला. “हे भोक दिसतंय? खालच्या गावासाठी ठेवलंय. मासे, गुरं, माणसं, सगळी यावर जगतात. कुणी शिकवलं नाही यांना. एका भोकात चार उद्दिष्टं आहेत. तुमच्याकडे कुठं असं आहे का? हात वर करा.”

मी तिसऱ्या रांगेत होतो. हात मांडीखाली घेऊन बसलो.

चहाच्या वेळेला मात्र तिला गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, ‘जाऊ द्या सर, चुका होतात.’ ती तसं म्हणाली नाही. तिने विचारलं, “भोक का ठेवता, असं तुम्ही त्यांना विचारलं होतंत का?” मी म्हटलं, नाही. “एकदाही?” नाही. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मग विचारा ना सर. आहेत ना ते अजून?”

आहे. तो आहे, अक्का. पण छत्तीस वर्षं मी प्रश्न विचारले ते उत्तर मला ठाऊक असलेले. दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न तोंडातून कसा काढायचा, हे सत्तराव्या वर्षी शिकायचं आहे, आणि त्याचं प्रशिक्षण तालुक्याला नाही.

आता दिवाळी होऊन गेली. पाणी पोटरीपर्यंत उतरलं आहे. लोक ओढ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग दुसरीकडे बघतात. मी परवा सकाळी कुणी नाही असं पाहून पात्राच्या मधोमध उभा राहिलो, पायाला पाणी कसं लागतं ते बघायला. थंड लागलं. त्यापलीकडे काही कळलं नाही.

बाकी क्षेम. बावांना माझा नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला, ज्या तोंडाने मी गावाला शिकवलं त्याच तोंडाने, पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
तिरुमलेश्वर

ता. क. फणसाचे पापड सोबत पाठवतो आहे. वरचे पाच थोडे मोडके आहेत, ते बावांना दे.

ता. क. दुसरा. पत्र मुळात याच्यासाठी लिहिलं. ऐतप्पाच्या मुलीचं घर तुमच्यापासून जवळच आहे, जैन बस्तीच्या मागच्या गल्लीत, दारात मोठी पपई. तू सहज गेल्यासारखी जा. मी पाठवलं असं म्हणू नकोस. ओढ्याचं पाणी उतरलं आहे, एवढं त्याच्या कानावर घाल. आणि तो काही म्हणाला तर, शब्द न बदलता, मला कळव. मी स्वतः आलो असतो, पण गुडघ्यामुळे बसचा प्रवास आता अजिबात झेपत नाही.

ता. क. तिसरा. अक्का, मी परमेश्वरी. पाकिटावर पत्ता लिहायला पत्र माझ्याकडे दिलंय, ‘वाचू नकोस’ असं बजावून. बसचा प्रवास यांना झेपत नाही ना? गेल्या पंधरा दिवसांत हे दोनदा मूडबिद्रीला जाऊन आलेत. मला म्हणाले, दवाखान्यात. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, पपईकडे बघत उभे राहिले, कोपऱ्यावरच्या दुकानातून कदळी केळ्यांची फणी घेतली आणि परत आले. दवाखान्यातून केळी कशी येतात, ते मी विचारलं नाही. हे सगळं मला ऐतप्पाच्या मुलीने फोनवर सांगितलं. ऐतप्पाने दोन्ही वेळा खिडकीतून पाहिलं. श्रावणापासून त्याचा उजवा हात उठत नाही, यांना अजून ठाऊक नाही. ओंडका काही आता तो उचलणार नाही. पण दुसऱ्या खेपेपासून तो रोज दहाच्या बसच्या वेळेला ओट्यावर दोन खुर्च्या टाकायला लावतो आणि एकीवर बसतो. साडेअकरापर्यंत. मग खुर्च्या आत. म्हणून तुझ्या पाया पडून सांगते, तू मुळीच जाऊ नकोस. यांना लिहून टाक, की तुझेही गुडघे दुखतात.